मांडवा ते जयगड, फेरीबोटीने: सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा एका बोटीचा रिव्ह्यू नाही, मुंबईहून निघून समुद्र उजव्या हाताला ठेवत रत्नागिरीपर्यंत जायचं म्हटलं की वाटेत ज्या ज्या फेरी लागतात त्या सगळ्यांचा मिळून आहे. म्हणजे भाऊचा धक्का ते मांडवा, मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि शेवटची तवसाळ-जयगड. माझं गाव गुहागर तालुक्यात, त्यामुळे यातल्या काही बोटींशी लहानपणापासून नाही तरी बऱ्याच वर्षांपासूनचा संबंध आहे, पण सगळ्या एका दमात, ओळीने, सुट्टी काढून मुद्दाम फिरायला म्हणून केल्या त्या यंदा, आई, बायको आणि दोन्ही पोरांना घेऊन. आणि मला मनापासून वाटतं की कोकणात फिरायचा यापेक्षा चांगला मार्ग नाही.

हे सगळं डोक्यात आलं ते धाकट्या बहिणीमुळे. ती आणि आमचे मेव्हणे ग्रीसला जाऊन आले, तिकडे म्हणे लोक बोटीने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर असेच आठवडाभर फिरत राहतात. अथेन्सला लागून पिरेयस म्हणून बंदर आहे तिथून बोट सुटते, पारोस, नॅक्सोस करत सॅन्टोरिनीला जाते, साधी बोट घेतली तर आठेक तास, फास्ट बोटीला कमी वेळ पण तिकीट बरंच जास्त आणि वर उघड्यावर बसायला मिळत नाही. बोट बंदरात आली की मागची बाजू धक्क्याला लावते, मागचा मोठा दरवाजा खाली पडतो, गाड्या, ट्रक, बॅगा ओढणारी माणसं सगळं एकदम बाहेर, तेवढीच आत, आणि काही मिनिटांत बोट निघालेली असते. ती व्हिडिओ दाखवत होती आणि आई शेजारी बसून बघत होती, आई म्हणाली, "अगो, ही तर आपली जंगलजेट्टी, मोठी आहे एवढंच." जंगलजेट्टी म्हणजे गाड्या घेऊन खाडी ओलांडणारी आपली फेरीबोट, आणि खरंच तसंच आहे. त्यांच्याकडे बेटं आहेत, आपल्याकडे खाड्या आहेत. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळताना एवढ्या रुंद होतात की किनाऱ्याचा एकेक तुकडा वेगळा पडतो, प्रत्येक तुकड्याचं खाणं वेगळं, देव वेगळे, बोलण्याचा हेल वेगळा. मग म्हटलं आपण आपलंच आधी नीट बघू.

पहिली बोट भाऊच्या धक्क्यावरून. ही खाडीतली नाही, मोठी रोरो आहे, म्हणजे गाड्या थेट आत चढतात-उतरतात अशी, नाव एमटूएम, मुंबई टू मांडवा. मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि गंमत म्हणजे ही बोट ग्रीसमध्येच बांधलेली आहे, २०१९ मध्ये. बहिणीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. रस्त्याने मुंबई ते मांडवा म्हणजे पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग करत ११० किलोमीटरच्या आसपास, आणि वडखळला ट्रॅफिक लागलं तर किती तास याची गॅरंटी नाही, तेच पाण्यातून १८ किलोमीटर, तासाभरात पलीकडे. बुकिंग ऑनलाइन होतं, गाडी खाली लावायची, हँडब्रेक खेचायचा आणि वर जायचं. बसायला एसी आहे पण माझं ऐकाल तर वरच्या उघड्या डेकवर जा. मुंबई मागे जाताना दिसते, मोठमोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात, त्यांच्या बाजूने आपली बोट जाते तेव्हा पोरं एकदम गप्प होऊन बघत होती. आमची पोरं गप्प होणं ही साधी गोष्ट नाही. गेटवेहून मांडव्याला सुटणाऱ्या जुन्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, ही बोट मात्र पावसाळ्यातही चालावी अशीच बांधलेली आहे, समुद्र फारच खवळलेला असेल तर फेरी रद्द करतात आणि ती रद्द करणं योग्यच आहे. त्यावर पुढे बोलतो.

मांडव्याला उतरलं की अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरुड. हा भाग सगळ्यांना माहिती आहे, वीकएंडला गर्दी असते, पटकन पुढे जा. राजपुरीला जंजिऱ्याच्या होड्या आहेत, किल्ला बघायचा तर अर्धा दिवस धरा.

खरी मजा आगरदांड्यापासून पुढे. इथून खाडीच्या फेरी सुरू होतात, आमच्याकडे सगळे जंगलजेट्टीच म्हणतात. सपाट तळाची बोट, पुढे लोखंडी रॅम्प, मागच्या बाजूला उंचावर केबिन. आगरदांड्याहून दिघीला जायला यातल्या त्यात जास्त वेळ लागतो, पाणी मोठं आहे, आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो तो किनाऱ्यावरून दिसतो त्यापेक्षा वेगळाच. दिघीला उतरून बोर्ली, दिवेआगर, आणि मग दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जाणारा रस्ता घ्या, आतला घेऊ नका. त्या रस्त्यावर समुद्र अक्षरशः टायरच्या बाजूला आहे. आम्ही दिवेआगरला मुक्काम केला, केळीच्या पानावर उकडीचे मोदक आणि वर साजूक तुपाची धार, आईने तिथल्या काकूंना "पारी कशी काढता हो एवढी पातळ" असं विचारलं आणि मग अर्धा तास दोघी स्वयंपाकघरातच होत्या.

बागमांडला ते वेशवी म्हणजे सावित्रीची खाडी, बाणकोटची खाडी म्हणतात तीच. रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो तो या पाण्यात. हरिहरेश्वर अगदी जवळ, दर्शन घेऊन सकाळची फेरी पकडता येते. वाटेत त्या अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसतात, वर्षानुवर्षं तसेच उभे आहेत. वेशवीला उतरलं की उजवीकडे बाणकोटचा किल्ला आणि त्याच्या पुढे वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव, आणि आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी प्रसिद्ध. मार्चच्या आसपास गेलात तर पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात, पहाटे आणि संध्याकाळी. गावात घरगुती राहायची सोय आहे. पोरांसाठी तर मी म्हणेन सगळ्या प्रवासातलं हे एक नंबर. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव, तो चुकवू नका, आणि हात आखडता घ्या, नाहीतर गाडीत बर्फाचा डबा नसताना सुरमई घेऊन बसाल.

आता दाभोळ. इथे जरा थांबतो कारण ही माझी फेरी आहे.

२००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरी सुरू झाली. त्याआधी दापोलीकडच्या माणसाला गाडी घेऊन गुहागरला यायचं म्हणजे खेड, चिपळूण आणि मग गुहागर, शंभरेक किलोमीटरचा वळसा, आणि समोर धोपावे दिसतंय, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं एवढ्यावर. माणसं होडीने यायची, पण गाडी, सामान, आजारी माणूस, लग्नाचं वऱ्हाड, यांचं काय. आमची आत्या दाभोळला दिलेली, तिच्या तोंडून ऐकलंय की माहेर समोर दिसायचं आणि जायला मात्र सबंध दिवस मोडायचा. आता ती दुपारचं जेवण उरकून येते आणि दिवेलागणीच्या आत परत जाते.

ही फेरी नुसती उभं राहून बघा. बोट जेट्टीजवळ आली की स्पीड कमी होतो, रॅम्प साखळीवर हळूहळू खाली येतो आणि काँक्रीटच्या उतारावर टेकतो, कर्रर्र करून घासतो, पाणी दोन्ही बाजूंनी फेस होऊन वर येतं. एक खलाशी दोर घेऊन उडी मारतो. आधी पायी माणसं उतरतात, मग बाइक, मग गाड्या. मग चढायची वेळ. "दादा, डावीकडं घ्या, अजून, अजून, येऊ द्या, बास!" असं म्हणत तो माणूस दोन गाड्यांमध्ये हाताचा तळवा जाईल एवढंच अंतर ठेवून लावून घेतो. मधल्या फटीत बाइक बसवतो. आमच्या पुढे जांभ्या चिऱ्यांचा ट्रक होता, बाजूला मासळीचा टेम्पो, त्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं, आणि मागे आंब्याच्या पेट्यांनी भरलेली पिकअप, सगळ्या बोटीवर हापूसचा वास. प्रवास दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत माझी आई तीन ओळखीच्या बायकांशी बोलली.

डेकवरून मागे बघितलं की दाभोळची आदिलशाही काळातली मशीद दिसते, जेट्टीपासून अगदी चालत जाण्यासारखी आहे, जरूर बघा, दगडी काम बघण्यासारखं आहे. हे बंदर एके काळी केवढं मोठं होतं हे आता सांगून खरं वाटत नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला तो चौलला उतरला आणि परत गेला तो दाभोळहून. म्हणजे बघा, चौल-रेवदंड्यापासून दाभोळपर्यंत आपण जो पट्टा फेरीने करतो, त्याच्या दोन्ही टोकांना त्याचे पाय लागलेत. १५०८ च्या अखेरीला पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. आणि आता पलीकडे अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्प, एन्रॉनचा, नाव बदललं तरी गावात अजून एन्रॉनच म्हणतात. गोपाळगडही तिथेच. पोरांना हे सगळं पुस्तकातून सांगितलं असतं तर दोन मिनिटांत उठून गेली असती, बोटीच्या कठड्याला धरून उभी असताना मात्र प्रश्नावर प्रश्न.

धोपाव्याहून गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, आणि मग तवसाळ. हेदवीला भरतीच्या वेळी बामणघळ बघा, दगडाच्या फटीत लाट घुसते आणि उंच उडते, पण लांबून, कडेला जाऊन फोटो काढू नका, तिथे माणसं गेलेली आहेत. तवसाळ-जयगड फेरी शास्त्रीच्या मुखावर, एका बाजूला जयगडचा किल्ला, दुसरीकडे मोठं बंदर आणि वीज प्रकल्प, कोळशाची जहाजं. इथे वारा जास्त जाणवतो. जयगडहून मालगुंड, केशवसुतांचं गाव, मग गणपतीपुळे आणि आरे-वारेवरून रत्नागिरी.

काही गोष्टी कामाच्या. भरती-ओहोटी बघून निघा, विशेषतः गाडी खालून बुटकी असेल तर. ओहोटीला पाणी खाली जातं, बोट खाली जाते, आणि रॅम्प ते जेट्टी हा कोन असा होतो की बंपर घासतो. मोबाईलवर वेळा मिळतात पण आमच्याकडचा जुना हिशेब सांगतो, तिथीला पाऊणने गुणायचं. एकादशी असेल तर अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ, सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराने करा, सव्वाअकरा येतात, आणि त्या दिवसांत उधाण असतं म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी. आमचे शेजारचे काका आयुष्यभर मासेमारी करत आले, त्यांनी हा हिशेब पोरांना शिकवला आणि पोरांनी अख्खा प्रवासभर कॅलेंडर उघडून माझ्या आधी वेळ सांगितली. तिकीट गाडीच्या प्रकाराप्रमाणे, दर जेट्टीवर लिहिलेले असतात, सुटे पैसे ठेवा कारण सगळीकडे मोबाईलला रेंज असेलच असं नाही.

आता जे खटकलं ते. एका जेट्टीवर, नाव घेत नाही, बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही. म्हणजे बांधलेलं आहे, पण आत पाणी नाही आणि दाराला कडी नाही. आईला गुडघ्याचा त्रास, तिला दोन फेऱ्या जाईपर्यंत उन्हात थांबावं लागलं कारण गर्दी होती, आणि बसायला एक धड बाकडं नाही, सावली म्हणाल तर एका टपरीच्या पत्र्याची. टपरीवाल्या ताईंनी स्वतःची खुर्ची दिली म्हणून निभावलं, कोकम सरबतही दिलं आणि पैसे घेईनात. दुसऱ्या एका ठिकाणी जेट्टीकडे उतरणारा शेवटचा रस्ता एवढा अरुंद आणि उखडलेला की समोरून बोटीतून उतरलेल्या गाड्या आल्या की सगळं ठप्प. बोट चालवणारी माणसं त्यांचं काम चोख करतात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण जेट्टी, रस्ता, पाणी, सावली हे ज्यांचं काम आहे त्यांनी ते करायला हवं. ग्रीसमध्ये छोट्या बेटांसाठी सुद्धा, नॅक्सोसहून अमॉर्गोसकडे इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी असं थांबत जाणारी एक लहानशी बोट आहे, स्कोपेलितिस नावाची, बहीण तिच्यातून गेली, किराणा, भाजी, माणसं सगळं एकाच बोटीत, म्हणजे अगदी आपल्यासारखीच, पण वेळापत्रक घरबसल्या मोबाईलवर दिसतं. आपल्याकडे पाचही फेरींच्या वेळा एका ठिकाणी, मराठीत, भरतीच्या वेळेसकट मिळाल्या तर किती माणसांचा दिवस वाचेल.

आणि प्रवाशांनाही सांगतो. गाडीत एसी लावून बसून राहू नका, खाली उतरा. लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बघून ठेवा, पोरांना दाखवा. बोट खचाखच वाटली तर पुढच्या फेरीने जा, खलाशाशी वाद घालू नका. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, अमावस्येसाठी घरी निघालेली माणसं होती ती. अलिबागकडच्या कित्येक घरांत अजून ती आठवण निघते. ग्रीसमध्येही सप्टेंबर २००० मध्ये एक्सप्रेस समिना पारोसजवळ खडकावर आदळली आणि ८० च्या वर माणसं गेली. तिकडे आता जुलै-ऑगस्टमधला मेल्टेमी वारा जोरात सुटला की कोस्ट गार्ड बोटी सोडतच नाही, टुरिस्ट कितीही चिडले तरी नाही. आपल्याकडे पावसाळ्यात फेरी रद्द झाली की लोक खिडकीवर भांडतात ते मी बघितलंय. नका भांडू. समुद्रावर नाही म्हणणाऱ्या माणसाचं ऐकायचं असतं.

पुलांचं म्हणाल तर, रेवस ते रेडी सागरी महामार्गावर आगरदांडा, बाणकोट, जयगड इथे पूल व्हायचे आहेत. काही जण म्हणतात पूल नकोत, मजा जाईल. मला हे पटत नाही. रात्री फेरी बंद झाल्यावर अडलेल्या बाईला किंवा छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन तासन्‌तास वळसा घालत जाणाऱ्या घरच्यांना मजा विचारा. पूल व्हायलाच हवेत, लवकर व्हायला हवेत. पण पूल झाल्यावर फेरी बंद करू नका एवढंच मागणं आहे. पुलावरून जाणारा माणूस ६० च्या स्पीडने खाडी ओलांडेल आणि त्याला कळणारही नाही की खाली वाशिष्ठी होती का शास्त्री. जेट्टीवरच्या त्या ताईंची टपरी, भजीवाला, रिक्षावाले, खलाशी, ही सगळी माणसं फेरीवर उभी आहेत.

पाचपैकी किती स्टार असं विचाराल तर बोटींना पाच, खलाशांना पाच, जेट्टींना दोन. सगळा पट्टा करायला निदान चार-पाच दिवस काढा, ऑक्टोबर ते मार्च सगळ्यात बरं, मे महिन्यात आंबा आहे पण ऊन आणि गर्दी दोन्ही सोसायची तयारी हवी. आणि एकच दिवस असेल तर दापोलीला राहा, सकाळी दाभोळहून पलीकडे जा, गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन घ्या, तिथेच जेवा, हेदवी बघा आणि संध्याकाळच्या फेरीने परत या, शेवटच्या फेरीची वेळ मात्र जाताना सकाळीच जेट्टीवर विचारून ठेवा.